दहा षटकं नऊ चेंडू : बाकी आणि दशांश यांच्या गल्लतीचं एक प्रकरण

शाळेच्या क्रीडा सप्ताहात सहावी ते आठवीच्या नऊ तुकड्यांचे टेनिस बॉलचे क्रिकेट सामने होते. सामना सहा षटकांचा. तीन-तीन तुकड्यांचे तीन गट आणि गटात प्रत्येकीचे दोन सामने. तीन गटांतून तीन विजेते निघाले की ज्यांची धावगती सगळ्यांत जास्त ते थेट अंतिम सामन्यात जाणार आणि उरलेले दोघं आपसात खेळून दुसरा संघ ठरवणार, हा नियम खेळाच्या सरांनी आधीच फळ्यावर लिहून दिला होता. धावगती म्हणजे काढलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली एकूण षटकं. मोठ्या स्पर्धांतली निव्वळ धावगती वेगळी असते, तिच्यात दिलेल्या धावांचाही हिशोब धरतात. शाळेपुरता हा साधा नियम पुरेसा होता.

गुणलेखनाचं काम सहावीतल्या एका मुलाकडे होतं. अक्षर सुरेख, एकही चेंडू न चुकवणारा, वाइड आणि नो-बॉल वेगळ्या खुणांनी दाखवणारा मुलगा. त्याच्या वहीतल्या नोंदी आम्ही नंतर तपासल्या. मैदानावर घडलेलं सगळं तिच्यात बिनचूक उतरलं होतं. गल्लत झाली ती मैदानाबाहेर, भागाकाराच्या पायरीवर. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. इथे आळस नव्हता, बेफिकिरी नव्हती, पाढेही कच्चे नव्हते. तरी उत्तर चुकलं आणि त्या उत्तरावर एक संघ अंतिम सामन्यात पोचणार होता.

गटविजेत्या तीन संघांचे आकडे असे होते. आठवी ब नं दोन्ही सामने पाठलाग करून जिंकले होते : पहिल्यात ५.५ षटकांत ४१ धावा, दुसऱ्यात ५.४ षटकांत ४९. सातवी क नं दोन्ही वेळा आधी फलंदाजी केली, पूर्ण सहा-सहा षटकं खेळली, ४५ आणि ५१ धावा काढल्या. तिसरा विजेता सहावी अ, १२ षटकांत ७८ धावा. त्यांची धावगती ६.५०, म्हणजे ते शर्यतीत नव्हतेच.

मुलानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. आठवी ब च्या धावा ९०, षटकं ५.५ अधिक ५.४ म्हणजे १०.९. ९० भागिले १०.९, उत्तर ८.२६. सातवी क च्या धावा ९६, षटकं १२, उत्तर ८.००. आठवी ब थेट अंतिम सामन्यात. कागद सूचनाफलकावर लागला.

सातवी क ची एक मुलगी तो कागद बराच वेळ वाचत उभी होती. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, दहा ओव्हर नऊ बॉल कसे होतील? सहाव्या बॉलला ओव्हर संपते ना?”

गुणलेखक जवळच होता. “अगं, मी कॅल्क्युलेटरवर केलंय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात मस्ती नव्हती. कॅल्क्युलेटर बेरीज चुकवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खरंच आहे. ५.५ आणि ५.४ यांची बेरीज १०.९ च. प्रश्न एवढाच की ते ५.५ आणि ५.४ कॅल्क्युलेटरला समजतात त्या अर्थाचे आकडे होते का.

अर्धी दुरुस्ती

खेळाच्या सरांनी तिथल्या तिथे दोन्ही संघांच्या कप्तानांना बोलावलं. आठवी ब चा कप्तान प्रामाणिक निघाला. त्यानंच बोटांवर मोजून सांगितलं, पाच षटकं पाच चेंडू म्हणजे पस्तीस चेंडू, पाच षटकं चार चेंडू म्हणजे चौतीस. एकूण एकोणसत्तर. एकोणसत्तर भागिले सहा : अकरा, बाकी तीन. म्हणजे अकरा षटकं तीन चेंडू. कागदावरच्या १०.९ वर काट मारून त्यानं ११.३ लिहिलं आणि पुन्हा भागलं. ९० भागिले ११.३, उत्तर ७.९६.

७.९६ हे ८ पेक्षा कमी. सातवी क थेट अंतिम सामन्यात. आठवी ब नं निकाल मान्य केला, टाळ्या वाजल्या आणि मुलं पांगली.

निकाल बरोबर होता. आकडा अजून चूक होता.

गणित शिकवणाऱ्यानं इथे सावध राहायला हवं. बेरजेतली गल्लत निघाली, भागाकारातली तशीच राहिली, आणि निकाल योग्य लागल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारणच उरलं नाही. अकरा षटकं तीन चेंडू म्हणजे साडेअकरा षटकं, कारण सहापैकी तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. भागायचं होतं ११.५ नं. ९० भागिले ११.५ म्हणजे ७.८३. आठवी ब नं एक धाव जास्त काढली असती, ९० ऐवजी ९१, तर अर्ध्या दुरुस्तीनं ९१ भागिले ११.३ म्हणजे ८.०५ असं उत्तर आलं असतं आणि तेच पुढे गेले असते. खरी धावगती मात्र ९१ भागिले ११.५ म्हणजे ७.९१, अजूनही आठच्या खालीच. एका धावेनं चुकीचा संघ अंतिम सामन्यात पोचला असता, आणि तेव्हा “दहा ओव्हर नऊ बॉल” सारखी डोळ्यांत भरणारी खूणही कागदावर नसती.

टिंब तेच, काम वेगळं

षटकांच्या आकड्यात जे टिंब असतं ते दशांशचिन्ह नाही. गुणफलकावरच्या ११.३ चा अर्थ ‘भागाकार ११, बाकी ३, भाजक ६’ एवढाच. भाजक लिहिलेला नसतो, कारण तो सगळ्यांना पाठ असतो. म्हणूनच ४.५ नंतर ४.६ येत नाही, ५ येतं. आणि म्हणूनच षटकं खेळताना गोंधळ होत नाही, ती भागाकारात घातली की होतो.

भाजक बदलला तर तोच आकडा वेगळी गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत षटक आठ चेंडूंचं असायचं. तिथल्या त्या काळच्या धावफलकावरचं ४.१ म्हणजे चार पूर्णांक एक अष्टमांश, दशांशात ४.१२५. आजचं ४.१ म्हणजे चार पूर्णांक एक षष्ठांश, दशांशात ४.१६६६ आणि पुढे सहाच सहा. बाकी एकच, भाजक वेगळा, म्हणून किंमत वेगळी. नुसती बाकी सांगून काहीच कळत नाही, कशानं भागलं हेही सांगावं लागतं.

मुलांच्या रोजच्या जगात अशी टिंबं खूप आहेत. उंची ‘५.४’ म्हणजे पाच फूट चार इंच. तिथे भाजक बारा. पाच फूट दहा इंचाचा मुलगा ५.१० लिहितो आणि तो ५.९ वाल्यापेक्षा उंच असतो, दशांशात मात्र ५.१० हे ५.९ पेक्षा कितीतरी लहान. एसटीच्या वेळापत्रकात ४.१५ असतं ते सव्वाचार. तिथे भाजक साठ, आणि सव्वाचार तास दशांशात ४.२५. आपण मोठी माणसं संदर्भ बघून अर्थ बदलतो आणि आपण तसं करतोय हे आपल्याला जाणवतही नाही. सहावीतल्या मुलाला ते कुणीतरी एकदा स्पष्ट सांगावं लागतं. त्याच्या दृष्टीनं टिंबाच्या डावीकडे पूर्ण गट आणि उजवीकडे उरलेलं, हा नियम सगळीकडे खरा ठरत आलेला असतो.

वहीत सापडलेलं मूळ

सामन्याच्या निमित्तानं मी सहावीच्या वर्गाला तीन भागाकार दिले आणि उत्तर दशांशात मागितलं : १७ भागिले ४, ९ भागिले २, २५ भागिले ६. बऱ्याच वह्यांत तिन्हींचं उत्तर ४.१ होतं. या मुलांना भागाकार येत होता. प्रत्येक ठिकाणी चार वेळा भाग लावून एक बाकी त्यांनी बरोबर काढली होती. दशांशात लिहा म्हटल्यावर बाकीच्या आधी टिंब दिलं, एवढंच.

याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. चौथीपर्यंत मुलं भागाकार लिहितात तो ‘भागाकार ४, बाकी १’ असा. पुढे दशांश अपूर्णांक येतात तेव्हा ती जुनी बाकी कुठे जाते हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. टिंबानंतर काहीतरी लिहायचं असतं आणि हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे ती बाकी. मग ती तिथे जाऊन बसते. आणि सामन्यांत, उंचीत, घड्याळात तसंच लिहितात हे त्यांनी पाहिलेलं असतं.

मी त्यांना पैशांवर आणलं. सतरा रुपये चौघांत वाटले, नऊ रुपये दोघांत वाटले, पंचवीस रुपये सहा जणांत वाटले. कुणाच्या वाट्याला जास्त? तिन्ही ठिकाणी ४.१ लिहिणाऱ्यांनी आधी “सारखेच” म्हटलं. मग एकजण म्हणाला, “नाही बाई, दोघांमध्ये एक रुपया उरला तर अर्धा-अर्धा मिळेल. सहा जणांत एक रुपया उरला तर काय मिळणार?” या एका वाक्यानं वर्गाचं अर्धं काम झालं. उरलेला रुपया तोच, पण तो वाटून घेणारे किती यावर प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा ठरतो. दोघांत ०.५०, चौघांत ०.२५, सहा जणांत ०.१६६६ आणि पुढे. सूत्र म्हणून लिहायचं तर दशांश भाग म्हणजे बाकी भागिले भाजक. सूत्र मी मुद्दाम नंतर लिहिलं.

एक अडचण मात्र लगेच आली. १७ रुपये चौघांत म्हणजे सव्वाचार रुपये हे मुलांना बोलता येत होतं, पण पंचवीस पैशांचं नाणं त्यांच्यापैकी कुणी वापरलेलं नव्हतं. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आमच्या पिढीला दशांशाची दोन स्थळं खिशातल्या नाण्यांनी शिकवली, या मुलांचा तो आधार गेला आहे. पाठ्यपुस्तकात रुपये-पैशांची उदाहरणं अजून येतात, पण त्यांच्या मागचा अनुभव उरलेला नाही, आणि शिकवताना हे धरून चालायला हवं.

आणे-पै वाल्यांचा भागाकार

म्हणून मी एक पायरी मागे गेले. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. तेव्हाचा दुकानदार सतरा रुपये चौघांत कसे वाटत असेल? चार-चार रुपये दिले, एक रुपया उरला. तो रुपया मोडून सोळा आणे केले, चौघांत चार-चार आणे. उत्तर चार रुपये चार आणे. त्यानं बाकी टाकून दिली नाही, टिंबापुढे नेऊनही ठेवली नाही. मोडून लहान नाणी केली आणि पुन्हा वाटली.

आपला दशांश भागाकार अगदी हेच करतो. फरक एवढाच की मोडताना सोळानं न गुणता दर वेळी दहानं गुणायचं. सतरा भागिले चार : चार वेळा भाग लागला, एक उरला. एकाचे दहा दशांश केले, चारांत दोन-दोन वाटले, दोन दशांश उरले. त्यांचे वीस शतांश केले, पाच-पाच वाटले, काही उरलं नाही. ४.२५. “वर पॉइंट दिला, खाली झिरो घेतला” असं मुलं पटपट म्हणतात, पण तो झिरो कुठून आला हे विचारलं की गप्प होतात. तो झिरो म्हणजे मोडलेली बाकी. एकाचं दहा झालं ते जादूनं नव्हे, एककाचे दशांश केले म्हणून.

आणे-पै मधली एक गोष्ट मुलांना फार आवडली आणि मलाही ती सांगायला आवडते. एक रुपया तिघांत वाटायचा. सोळा आणे, प्रत्येकी पाच, एक आणा उरला. त्याच्या बारा पै, प्रत्येकी चार. पाच आणे चार पै, हिशोब पूर्ण, काहीच उरत नाही. रुपयाच्या १९२ पै होत आणि १९२ ला तीननं पूर्ण भाग जातो. शंभर नवे पैसे झाले आणि तोच रुपया तिघांत वाटला की तेहतीस-तेहतीस पैसे देऊन एक पैसा उरायला लागला. ०.३३३३ हा न संपणारा आकडा तीन या संख्येचा दोष नाही. आपण दहानं मोडायचं ठरवलं त्याचा तो परिणाम आहे. अपूर्णांकाला सर्वांत सोपं रूप दिल्यावरही ज्या भाजकात दोन आणि पाच यांच्याशिवाय दुसरा मूळ अवयव उरतो, तिथे दहानं कितीही वेळा मोडलं तरी बाकी शून्य होत नाही.

न संपणारी बाकी

षटकांच्या बाबतीत हे रोज घडतं, कारण भाजक सहा आणि सहात तीन दडलेला आहे. एक चेंडू ०.१६६६..., दोन चेंडू ०.३३३३..., तीन चेंडू ०.५, चार चेंडू ०.६६६६..., पाच चेंडू ०.८३३३... पाचांपैकी एकच आकडा संपतो. मुलांना मी फळ्यावर दोन भागिले सहा करायला लावलं. वीस भागिले सहा, तीन, बाकी दोन. पुन्हा वीस, पुन्हा तीन, पुन्हा दोन. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे असंच चालणार.” का चालणार? कारण बाकी तीच आली. बाकी तीच आली की पुढचं सगळं तेच. सहानं भागताना बाकी शून्य ते पाच एवढ्याच येऊ शकतात, सातनं भागताना शून्य ते सहा. त्यामुळे बाकी कधी ना कधी शून्य होणार, नाहीतर आधी येऊन गेलेली परत येणार. तिसरी वाट नाही. एक भागिले सात करताना १, ३, २, ६, ४, ५ अशा सहाही बाक्या हजेरी लावतात, मग पुन्हा १ येते, म्हणून ०.१४२८५७ हे सहा अंक फिरत राहतात. आवर्ती दशांश म्हणून जे आठवी-नववीत शिकवतात त्याचं सगळं रहस्य या बाकीतच आहे. मुलं अंकांकडे बघतात. बाकीकडे बघायला लावलं तर ती सहावीतही ते सांगू शकतात.

खऱ्या सामन्यावर पडताळा हवा होता, म्हणून २ एप्रिल २०११ चा वानखेडेवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना घेतला. श्रीलंकेच्या २७४, भारताच्या ४ बाद २७७, षटकं ४८.२, दहा चेंडू राखून विजय. वर्गानं दोन्ही रीती करून पाहिल्या. २७७ भागिले ४८.२ केलं तर ५.७५ येतं. अठ्ठेचाळीस षटकं दोन चेंडू म्हणजे २९० चेंडू, म्हणजे ४८.३३३ षटकं. त्यानं भागलं तर ५.७३. छापील धावफलकावर ५.७३ आहे. ‘दहा चेंडू राखून’ मधूनही तोच आकडा येतो : तीनशे वजा दहा, दोनशे नव्वद. आपलं उत्तर बाहेरच्या छापील आकड्याशी जुळलं याचा मुलांना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता.

उलटा प्रवास

यानंतर गुणलेखकानं स्वतःहून एक चांगला प्रश्न विचारला. कॅल्क्युलेटर तर बाकी दाखवतच नाही, सरळ दशांश दाखवतो. मग दशांशावरून बाकी कशी काढायची?

इथे १९८३ सालचा एक प्रसिद्ध प्रश्न मला उपयोगी पडला. अमेरिकेतल्या देशव्यापी चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं ‘३१ बाकी १२’, १८ टक्क्यांनी ३१, आणि ३२ हे योग्य उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. ‘३१ बाकी १२’ बस रस्त्यावर दिसत नाहीत, आणि ३१ बस आणल्या तर बारा सैनिक मागे राहतात.

आमच्या वर्गानं ११२८ भागिले ३६ कॅल्क्युलेटरवर केलं. ३१.३३३३३३. “तेहतीस उरले,” एकजण म्हणाला. बसमध्ये ३६ जागा असताना ३३ उरणं अशक्य नाही, त्यामुळे बाकी भाजकापेक्षा लहान असते ही नेहमीची खूण इथे उपयोगी पडली नाही. दुसरी रीत लागली. टिंबाच्या पुढचा भाग म्हणजे एका बसचा तेवढा हिस्सा. म्हणून ०.३३३३ गुणिले ३६. पडद्यावर आलं ११.९९८८. वर्गात गडबड. पावणेबारा सैनिक? बारा सैनिक? आवर्ती आकडा आम्ही चार अंकांवर तोडला, म्हणून उत्तर बाराच्या किंचित खाली पडलं. बाकी नेहमी पूर्ण संख्याच असते, म्हणून जवळची पूर्ण संख्या घ्यायची : १२.

मला स्वतःला मात्र दुसरी वाट जास्त पसंत आहे आणि मुलांना मी तीच आधी शिकवते. टिंबाच्या पुढचं सरळ सोडून द्यायचं. ३१ गुणिले ३६ म्हणजे १११६. ११२८ वजा १११६ म्हणजे १२. कुठे तोडातोड नाही, अंदाज नाही. भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे पहिल्यांदा मुलांना कामाचं वाटलं. एरवी ते ‘ताळा करा’ म्हटल्यावर नाइलाजानं लिहायचं वाक्य असतं. भाजक मोठा असेल, चार-पाच अंकी असेल, तर पहिल्या रीतीत तोडलेल्या अंकांची चूक भाजकाइतक्या पटीनं वाढते आणि जवळची पूर्ण संख्या कोणती हेच कळेनासं होतं. दुसरी रीत तिथेही चालते.

दशांश उत्तर कधी घ्यायचं, बाकीचं कधी, आणि कधी एक वाढवायचा, यावर मी फार वेळ घालवला नाही. वस्तू मोडता येते का एवढं विचारलं की बहुतेक वेळा वाट सापडते. धावगतीसाठी षटक मोडता येतं, बस मोडता येत नाही. ११२८ सैनिकांचे ३६-३६ चे पूर्ण गट किती, असं विचारलं असतं तर त्याच भागाकाराचं उत्तर ३१ झालं असतं.

गुणलेखकाचा नवा तक्ता

स्पर्धा संपायच्या आत त्या मुलानं गुणपत्रिकेचा तक्ता बदलला. पूर्वी स्तंभ होते : संघ, धावा, गडी, षटकं. त्यानं षटकांच्या शेजारी ‘चेंडू’ असा एक स्तंभ वाढवला. बेरीज फक्त चेंडूंची करायची. धावगती काढताना धावा गुणिले सहा, भागिले चेंडू. आठवी ब साठी ९० गुणिले ६ म्हणजे ५४०, भागिले ६९, ७.८३. मधे कुठेही षटकांचा दशांश लिहावा लागत नाही.

ही रीत मी सुचवलेली नाही, ती त्याची आहे, आणि तिच्यात एक शहाणपण आहे. ५.८३ अधिक ५.६७ असं दोन स्थळांपर्यंत कापलेल्या आकड्यांवर काम केलं तर प्रत्येक कापणीत थोडंथोडं हरवतं. त्याच्या रीतीत भागाकार एकदाच होतो, अगदी शेवटी. तोपर्यंत सगळे आकडे पूर्ण असतात. सूचनाफलकावर मात्र षटकं ११.३ अशीच लिहायची, हेही त्यानं ठरवलं, कारण वाचणाऱ्यांना तीच सवय आहे. खाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं : ‘टिंबानंतर चेंडू.’

सहावीच्या पुढच्या चाचणीत मी १७ भागिले ४ च्या जोडीला दोन प्रश्न नवीन घातले. एक : ७.५ षटकं आणि ६.४ षटकं मिळून किती? तो जवळजवळ सगळ्यांना जमला, १४.३ आलं. दुसरा : एक प्रवास २ तास ५० मिनिटांचा, दुसरा १ तास ४० मिनिटांचा, एकूण वेळ दशांशात किती तास? इथे बऱ्याच जणांनी २.५० अधिक १.४० करून ३.९० लिहिलं. चार तास तीस मिनिटं, म्हणजे ४.५, हे थोड्यांनाच जमलं. षटकांत सहा हा भाजक त्यांना दिसायला लागला आहे, घड्याळातला साठ अजून दिसत नाही. पुढच्या आठवड्यात एसटीचं वेळापत्रक वर्गात नेणार आहे, आणि त्यानंतर उंची मोजायची पट्टी.